कुत्रा आणि दंडाचा अधिकार

परांडा तालुक्यांतील सोनारी येथें काळभैरवनाथाचें देवस्थान आहे. कुत्रा हें भैरवाचें वाहन. तेथें हात जोडणारा गृहस्थच, नव्यानें घरीं आणलेल्या चिमुकल्या पण वयानें जाणत्या कुत्र्याचें नाक जाजमावरील घाणींत घासतो! हा न्याय आम्हांस पटत नाहीं. आधींच्या घरीं जें चालत होतें तें येथें अपराध ठरलें, हें त्याला कोणीं सांगितलें? उशिरां बसलेल्या माराचा संबंध तो कृत्याशीं जोडीत नाहीं, मारणाऱ्याशीं जोडतो. मग आडोशाला जाऊन तेंच करतो, आणि आपण त्याला लबाड म्हणतों. जेवणानंतर व झोपेंतून उठतांच त्याला अंगणांत नेणें, विधि उरकतांच तेथल्या तेथें तुकडा देणें, हें कित्येक आठवडे न चुकतां ज्यानें केलें नाहीं, त्या धन्याला दंडाचा अधिकार कोठून आला? एवढ्यावरहि खोड न गेली, तर मूत्राशयाचा विकार आहे कीं काय, हें पशुवैद्याकडून आधीं पाहून घ्यावें.