बियाण्याचे ऋण

ओडिशातील कोरापुटच्या डोंगरउतारावर माथ्यालगतच्या वरकस जमिनीत हळवे, मधल्या खाचरांत निमगरवे आणि तळच्या पाणथळीत गरवे भात उभे असते. हे वाण कोणा शास्त्रज्ञाने घडविलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या, बहुधा स्त्रियांच्याच हातांनी, लोंब्या निवडून ते राखले गेले. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गौरव झाला, नैतिक प्रश्न मात्र तसाच राहिला.

नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये २००८ पासून गोठलेल्या डोंगराच्या पोटात जगभरची बियाणी सुरक्षित आहेत. पण तेथील बी केवळ टिकते. अवर्षणाशी, किडीशी झुंजत बदलत राहते ते शेतातलेच. मग ते कोणी पेरायचे? ज्याच्या कणगीत आधीच तूट आहे, त्याने अधिक पिकणारे सुधारित वाण नाकारून साऱ्या जगासाठी विविधता जपावी, ही अपेक्षा ऐकायला उदात्त वाटते. ती करणारा बहुधा भरल्या पोटी असतो. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा व देवघेवीचा हक्क मानला, जतनाबद्दल पारितोषिकांचीही सोय केली. पारितोषिक एखाद्या वर्षी एखाद्या गावाला मिळते. गरवे भात मात्र दर पावसाळ्यात लावायचे असते, आणि पीक कमी आले तर उपास त्याच घराला घडतो.