अर्जुन बोलला, मी 19 दिवस गप्प होते



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 1, श्लोक 28 ते 30.

या तीन श्लोकांत तत्त्वज्ञान काहीच नाही. एक घाबरलेला माणूस आपल्या शरीराचं काय होतंय तेवढंच सांगतो आहे. हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंग थरथरतंय, काटा आलाय, कातडीची आग होतेय, धनुष्य हातातून निसटतंय, उभं राहवत नाही, डोकं गरगरतंय. आणि लक्षात घ्या, अजून एकही बाण सुटलेला नाही. जे व्हायचं ते पुढे आहे. तरी अर्जुनाचं अंग आत्ताच हरलेलं आहे.

हे श्लोक मी लहानपणापासून वाचत आले. मागच्या महिन्यात ते पहिल्यांदा अंगावर आले.

आंघोळ करताना डाव्या स्तनात हाताला गाठ लागली. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी. दुखत नव्हती. मी 29 वर्षांची आहे. दोन मिनिटं नळ तसाच वाहत राहिला. मग कपडे घातले, लॅपटॉप उघडला आणि मीटिंगला बसले. त्या मीटिंगमध्ये मी काय बोलले ते मला आजही आठवत नाही. तोंड कोरडं पडलं होतं, एवढंच आठवतं.

त्या रात्री मी मोबाईलवर दोन वाजेपर्यंत शोधत बसले. जे वाचू नये ते सगळं वाचलं. आणि सकाळी उठून ठरवलं की गीतेचं पारायण करायचं. रोज एक अध्याय, 18 दिवस. पारायण झालं की मग बघू. देव काहीतरी करेलच.

ऐकायला किती छान वाटतं ना? मला पण वाटलं होतं. रोज पहाटे दिवा, अगरबत्ती, एक अध्याय. घरचे खूश की पोरगी किती मनापासून वाचतेय. आणि मी रोज वाचून झालं की बाथरूममध्ये जाऊन गाठ आहे का ते चाचपून बघायची. कधी वाटायचं लहान झाली, कधी वाटायचं मोठी झाली. 18 अध्याय झाले. 19व्या दिवशी गाठ तिथेच होती.

आमच्या आजीची एक पद्धत आहे. पारायण संपलं की पोथी तशीच मिटायची नाही, पहिल्या अध्यायातलं थोडं पुन्हा वाचून ठेवायचं, म्हणजे वाचन तुटत नाही. म्हणून मी पुन्हा पहिला अध्याय काढला. आणि या तीन श्लोकांपाशी थांबले. कारण हे सगळं माझंच चाललं होतं. फरक एकच होता. अर्जुन हे सगळं मोठ्याने बोलला होता. मी 19 दिवस कोणालाच बोलले नव्हते.

विषादाला योग का म्हटलं?

पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग आहे. कर्मयोग, भक्तियोग समजतं. पण विषाद, म्हणजे खचून जाणं, हा योग कसा? खचणं तर आपण सगळेच खचतो. परीक्षेआधी, नोकरी गेल्यावर, रिपोर्टची वाट बघताना. मग आपण सगळे योगी का नाही?

मला जे कळलं ते सांगते. योग म्हणजे जोडलं जाणं. अर्जुनाचा विषाद योग झाला, कारण तो शेजारी बसलेल्याला सांगितला गेला. त्याने "मी ठीक आहे" म्हटलं नाही. रथात खाली बसला, धनुष्य बाजूला ठेवलं, आणि दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात सरळ कबूल केलं की मला काही समजत नाही, मी तुझा शिष्य आहे, तू सांग. बघा, तोवर कृष्ण फार काही बोललेलाच नाही. खरा उपदेश सुरू होतो त्यानंतर, अकराव्या श्लोकापासून. म्हणजे गीता सुरू व्हायला अर्जुनाचं तोंड उघडावं लागलं.

सांगितलेली काळजी योग होते. लपवलेली काळजी नुसती काळजीच राहते, आणि रोज थोडी वाढते.

आणखी एक गोष्ट मला टोचली. अर्जुन पळायची कारणं कशी देतो? धर्माची. कुळाचं काय होईल, पाप लागेल, त्यापेक्षा भीक मागून जगलेलं बरं. सगळी भाषा धार्मिक आहे. कृष्ण त्या भाषेला भुलत नाही, त्याला आतली भीती दिसते. माझं पारायण तसंच होतं हो. गीता वाईट नव्हती, वाचणंही वाईट नव्हतं. पण मी गीतेच्या मागे लपले होते. दवाखान्यात जायचं नव्हतं म्हणून देवासमोर बसले होते.

आईला सांगितलं तेव्हा

विसाव्या दिवशी आई मेथी निवडत बसली होती. मी शेजारी बसले. 'स्तन' हा शब्द तोंडातून निघेना. "आई, छातीत गाठ लागतेय हाताला," एवढंच म्हणाले.

आईचा हात थांबला. मग म्हणाली, "कधीपासून?"

"तीन आठवडे होत आले."

"काहून नाही सांगितलं व माय पहिले? मी का मेली होती का?"

आणि ती रडली, मीही रडले. पण खरं सांगते, त्या रात्री मी 20 दिवसांत पहिल्यांदा सलग झोपले. गाठ तेवढीच होती. उचलणारे दोघे झाले होते.

मग आजीने एक गोष्ट सांगितली, जी घरात कधी कोणी बोललं नव्हतं. तिची एक चुलत बहीण होती, आर्वीकडची. तिने अशीच गाठ दोन वर्षं पदराआड ठेवली. दुखत नव्हती म्हणून, आणि लाज वाटते म्हणून. घरच्यांना कळलं तेव्हा जखम झाली होती. फार उशीर झाला होता. आजी म्हणाली, "ती रोज हरिपाठ म्हणायची गं. देवाला सांगत असेल, आम्हाला नाही सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात गेलो.

डॉक्टरांनी जे समजावलं

हे मुद्दाम लिहिते, कारण तुमच्यापैकी कोणीतरी आत्ता माझ्या पहिल्या रात्रीत असेल.

स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. तरुण मुलींमध्ये तर बऱ्याचदा फायब्रोएडिनोमा नावाची साधी गाठ असते, बोटाखाली सरकते. पण कोणती गाठ साधी आणि कोणती नाही, हे आपल्या बोटांना कळत नाही. म्हणून तपासणी तीन पायऱ्यांची असते: डॉक्टरांनी हाताने तपासणं, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गरज असेल तर सुईने तुकडा घेऊन बायोप्सी. तरुण वयात स्तनाची ऊती दाट असते, मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, म्हणून आधी सोनोग्राफी करतात.

दुखत नाही म्हणजे काही नाही, हा समज चुकीचा आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. सुई लावली की गाठ पसरते, हाही गैरसमजच. गाठीशिवाय आणखी काही गोष्टी दिसल्या तरी थांबू नका: कातडीला खळगा पडणं, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, काखेत गाठ लागणं. भारतात बायकांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर हाच आहे. लवकर सापडला तर उपचार सोपे होतात आणि बरं होण्याची शक्यता खूप वाढते. आपल्याकडे बायका उशिरा पोचतात, हेच मोठं दुखणं आहे.

माझी सोनोग्राफी झाली, सुईही लावली. मुंगी चावल्यापेक्षा जास्त, पण मी घाबरले होते त्यापेक्षा पुष्कळ कमी.

मग शरण जाणं म्हणजे काय?

तुमच्यातले काही विचारतील, देवावर सोडलं की काळजी कशाला, तपासणी कशाला? यावर मला आमच्या वर्ध्याचीच एक गोष्ट आठवते.

1938 साली विनोबांची तब्येत फार खालावली होती. वजन घटलेलं, अंगात ताकद नाही. गांधीजींनी तब्येतीकडे लक्ष द्यायला सांगितलं. विनोबा पवनारला राहायला निघाले. मोटार धाम नदीच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी मनातल्या मनात तीनदा म्हटलं की मी सगळं सोडलं. सगळ्या कामांची, संस्थांची काळजी पुलाच्या अलीकडे राहिली. पण पलीकडे जाऊन ते नुसते पडून राहिले नाहीत. हातात कुदळ घेतली. पहिल्या दिवशी अगदी थोडी मिनिटं खणायचं, मग रोज थोडं वाढवायचं. तब्येत सुधारली. पुढे त्याच जमिनीत खणताना भरत-रामाच्या भेटीचं जुनं शिल्प सापडलं. ते आजही आश्रमात आहे.

मला ही गोष्ट फार जवळची वाटते. काळजी सोडली, कुदळ धरली. माझ्या बाबतीत कुदळ म्हणजे ओपीडीचा केसपेपर.

कोणी म्हणेल, विनोबांनी 1982 मध्ये अन्न आणि औषध दोन्ही सोडलं होतं. हो, सोडलं होतं. तेव्हा ते 87 वर्षांचे होते, आयुष्यभराचं काम पूर्ण करून निरोप घेत होते. मी 29 वर्षांची, घाबरून सोनोग्राफी टाळत होते. या दोन गोष्टींना एकच नाव देऊ नये.

आणि एक प्रश्न, जो मला रात्री फार छळायचा: माझ्याकडून काय चुकलं? कोणत्या पापाचं हे फळ? याचं उत्तर मला संतांकडे बघून मिळालं. आपल्या विदर्भाचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, त्यांना कॅन्सर झाला. उपचार झाले, 1968 मध्ये मोझरीला त्यांनी देह ठेवला. आज नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. तिकडे अरुणाचलच्या रमण महर्षींच्या डाव्या हातावर लहानशी गाठच आली होती. 1949 मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. डॉक्टरांना त्यांनी त्यांचं काम करू दिलं. ज्यांचं आयुष्य देवाच्या नावात गेलं त्यांनाही गाठ आली. मग गाठ ही शिक्षा कशी असेल? शरीर आहे, त्याला होतं. कोणी आजारी माणसाला "तुझ्या कर्माचं फळ" म्हणालं, तर ऐकून घेऊ नका. आणि तुम्ही तर कधीच म्हणू नका.

काल संध्याकाळी

काल मी गोपुरीच्या गीताई मंदिरात जाऊन बसले. तुमच्यापैकी जे तिथे गेलेत त्यांना माहीत आहे, तिथे मूर्ती नाही, वर छत नाही. मोकळ्या आकाशाखाली दगड उभे आहेत आणि त्यांच्यावर गीताई कोरलेली आहे. आईला संस्कृत कळत नव्हतं, तिला मराठीत गीता हवी होती, म्हणून विनोबांनी 1930-31 मध्ये ती लिहिली. तेव्हा आई या जगात नव्हती. मागणं मात्र लक्षात राहिलं होतं. म्हणजे ही गीतासुद्धा कोणीतरी "मला कळत नाही" असं बोलल्यामुळेच आली.

मी पहिल्या अध्यायाच्या दगडांपाशी बसले. थरथरणाऱ्या अर्जुनाचं वर्णन. ते कोणी वगळलं नाही, कोणी लपवलं नाही. दगडात कोरून ठेवलंय, ऊन-पावसात. मला खूप बरं वाटलं. घाबरणं हे गीतेच्या बाहेरचं नाही. तिथूनच गीता सुरू होते.

रिपोर्ट उद्या येणार आहे. हे चिंतन मी मुद्दाम आज लिहिलं. उद्या चांगला आला असता तर म्हटलं असतं, बघा, देवाने ऐकलं. आणि वाईट आला तर कदाचित लिहायचा धीरच झाला नसता. पण गीता ऐकून झाल्यावर समोरचं सैन्य कुठे कमी झालं होतं? अठराव्या अध्यायाच्या शेवटीही युद्ध तिथेच उभं आहे. फक्त अर्जुन उभा राहिलाय, आणि सारथी रथावरच आहे. मला उद्या तेवढं पुरेल. आई सोबत येणार आहे.

आजचा संकल्प: जी काळजी तुम्ही एकट्याने धरून ठेवली आहे, ती आज एका माणसाला सांगा. आई, बहीण, मैत्रीण, नवरा, कोणीही. आणि ती शरीराची असेल, तर सांगून झाल्यावर त्याच माणसाला सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. पारायण परत आल्यावरही करता येतं.

आजची प्रार्थना: हे श्रीकृष्णा, माझी भीती मी तुझ्यापासून लपवत नाही. उद्या काय आहे ते तू आज सांगू नकोस, फक्त रथावरून उतरू नकोस. जे माझ्या हातात आहे ते करायला माझ्या हातांना बळ दे. जे हातात नाही ते तुझ्याकडे. आणि जी बाई आज पदराआड काही लपवून बसली असेल, तिला बोलायला धीर दे, तिच्या घरच्यांना ऐकायला कान दे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥