खडू ज्याच्या हातात



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३

सगळं सांगून झाल्यावर भगवंत निर्णय अर्जुनावर सोपवतात. नीट विचार करायला सांगतात, आणि मग त्याला हवं ते करायची मोकळीक देतात.

हा श्लोक आला की मला आमच्या नववीच्या गणिताच्या बाई आठवतात. त्यांच्या वर्गात दोनच नियम होते. फळ्यापाशी उभ्या असलेल्याला कुणी हसायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही. आणि त्याच्या हातातला खडू कुणी काढून घ्यायचा नाही.

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे सिद्ध करायला मी एकदा फळ्यावर गेलो. सरळ कोनमापक घेतला आणि तीन त्रिकोण मोजले. १७९, १८१, १८०. "आलं की बाई!" त्या चूक म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, "असे किती त्रिकोण मोजशील?" रात्रभर तो प्रश्न डोक्यात. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "बाई, मोजून नाही होणार." तेव्हा कुठे त्यांनी सुचवलं, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढून बघ. रेषा मी काढली. व्युत्क्रम कोन मला दिसले, त्यांनी दाखवले नाहीत.

पण मोकळीक देणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे. दुसऱ्या अध्यायात अर्जुन 'लढणार नाही' म्हणून गप्प बसला, तेव्हा भगवंत 'तुझी मर्जी' म्हणाले नाहीत. तिसऱ्या अध्यायात 'तुझ्या बोलण्याने माझा गोंधळ उडतोय' ही त्याची तक्रारही ऐकून घेतली. अहंकारापायी ऐकलं नाहीस तर काय होईल, हे स्पष्ट बजावलं. एवढं सगळं झाल्यावर मग मोकळीक. आधी जीव ओतून शिकवणं, नंतर विश्वास टाकणं. दोन्ही मिळून आदर होतो.

मागच्या महिन्यात मी याच्या नेमकं उलट वागलो. रिलीजच्या आदल्या रात्री टीममधल्या ज्युनिअरचा कोड त्याला न विचारता पूर्ण बदलून टाकला. रिलीज वेळेवर गेलं. पण तेव्हापासून तो प्रश्नच विचारत नाही. "तुम्ही म्हणाल तसं करतो," एवढंच. मला आधी तो आदर वाटला. आज कळलं, मी त्याच्या हातातला खडू काढून घेतला होता.

उद्या त्याची माफी मागणार आहे. पुढचं मॉड्यूल त्याने त्याच्या पद्धतीने करावं, असंही सांगणार आहे. त्याने माझं ऐकलं नाही तर? तेच तर अवघड आहे. मोकळीक खरी असेल, तर 'नाही' ऐकायची तयारी ठेवावी लागते. कुरुक्षेत्रावर, एवढं सगळं पणाला लागलेलं असताना, भगवंतांनी ती ठेवली होती.

आज झोपण्याआधी एकदा आठवून बघूया, आपण कुणाच्या हातातला खडू काढून घेतलाय?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥