विश्वास परत घेण्याचा हक्क

जुलै २०२५मध्ये माल्कम-जमाल वॉर्नर हा अमेरिकी नट कोस्टारिकाच्या समुद्रात बुडून मरण पावला. वय अवघे ५४. 'द कॉस्बी शो' या मालिकेतला थिओ हक्स्टेबल म्हणून एका अख्ख्या पिढीने त्याला डोळ्यांसमोर वाढताना पाहिले होते. त्याच्याविषयी हळहळ व्यक्त करताना मात्र अनेकांची जीभ अडखळली. थिओची आठवण काढायची तर त्याच्या पडद्यावरच्या बापाचे नाव घ्यावे लागते, आणि तो बाप म्हणजे बिल कॉस्बी. मग जुनी चर्चा पुन्हा सुरू झाली आणि तिच्यासोबत ते जुने वाक्यही आले : कलावंत वेगळा, कला वेगळी.

हे वाक्य आपल्याकडेही कमी लोकप्रिय नाही. एखाद्या गायकाचे, नटाचे किंवा लेखकाचे वर्तन उघडकीस आले की पहिल्या दोन दिवसांतच कुणीतरी ते उच्चारतो आणि चर्चा तिथे थांबते. त्यात उदारपणा दिसतो, रसिकता दिसते, शिवाय कुणाचाही निवाडा करण्याच्या जबाबदारीतून सुटका होते. काही कलांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण सगळ्या कलांना ते सारखेच लागू पडते असे धरून चालणे मला विचाराचा आळस वाटतो, आणि कॉस्बीच्या बाबतीत तर ते सपशेल चूक आहे.

आधी त्याचे मोठेपण मान्य केले पाहिजे, कारण ते कमी लेखून या प्रश्नाची उकल होत नाही. १९३७ साली फिलाडेल्फियात गरिबीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा १९६५ साली 'आय स्पाय' या मालिकेत गोऱ्या नटाच्या बरोबरीने नायक म्हणून उभा राहिला. कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचे रक्षण करणारा कायदा होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. त्या भूमिकेसाठी त्याला लागोपाठ तीन एमी पुरस्कार मिळाले. १९८४मध्ये 'द कॉस्बी शो' आला. ब्रुकलिनमधले एक घर, नवरा प्रसूतितज्ज्ञ, बायको वकील, पाच मुले, आणि त्या घरात नोकर, चोर किंवा विदूषक म्हणून नव्हे तर घरमालक म्हणून वावरणारी कृष्णवर्णीय माणसे. पाच हंगाम ही मालिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली. भिंतींवर कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रे होती. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ अल्विन पूसां सल्लागार म्हणून संहिता वाचत. थिओच्या खोलीच्या दारावरची दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्धची पाटी काढण्याचा आग्रह वाहिनीने धरला, तेव्हा कॉस्बीने तो धुडकावला. हे सगळे घडलेले आहे आणि ते पुसता येणार नाही.

पुढचेही घडलेले आहे. टेम्पल विद्यापीठात काम करणाऱ्या अँड्रिया कॉन्स्टँड यांनी २००५ साली पोलिसांत तक्रार केली की, वर्षभरापूर्वी कॉस्बीने आपल्याला गुंगीच्या गोळ्या देऊन आपल्यावर अत्याचार केला. तेव्हाच्या सरकारी वकिलाने खटला भरला नाही. दिवाणी दावा २००६मध्ये तडजोडीने मिटला आणि लोक विसरले. २०१४मध्ये हॅनिबल ब्युरेस या तरुण विनोदकाराने फिलाडेल्फियातल्याच एका रंगमंचावर तो विषय काढला, त्याची चित्रफीत पसरली आणि एकामागून एक स्त्रिया बोलू लागल्या. पन्नासहून अधिक स्त्रिया. काहींच्या हकीकती १९६०च्या दशकातल्या. कॉस्बीने सगळे आरोप नाकारले. २०१८मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवले, तीन ते दहा वर्षांची शिक्षा झाली. २०२१मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि तो सुटला. २०२२मध्ये कॅलिफोर्नियातल्या दिवाणी ज्यूरीने मात्र १९७५ साली एका अल्पवयीन मुलीवर केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल त्याला जबाबदार धरले.

या वादातले काही युक्तिवाद फार वेळ घेत नाहीत. न्यायालयाने सोडले म्हणजे तो निर्दोष, असे म्हणणाऱ्यांनी निकाल वाचावा. आधीच्या सरकारी वकिलाने खटला न भरण्याचा शब्द दिला होता, त्यावर विसंबून कॉस्बीने दिवाणी दाव्यात जबानी दिली, म्हणून सरकारला तो शब्द मोडता येणार नाही, एवढेच न्यायालय म्हणाले. त्याच जबानीत, ज्या स्त्रियांशी संबंध ठेवण्याची त्याची इच्छा होती त्यांना देण्यासाठी गुंगी आणणाऱ्या गोळ्या मिळवल्याची कबुली आहे. यशस्वी कृष्णवर्णीय पुरुषाविरुद्धचा हा कट, असे म्हणणाऱ्यांच्या मागे झुंडबळींचा खरा आणि भयंकर इतिहास आहे, पण तक्रार करणाऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्रियाही आहेत आणि विषय काढणारा ब्युरेसही कृष्णवर्णीय आहे. आणि मालिकेची प्रत्येक फीत जाळून टाका म्हणणारे वॉर्नरचे आणि मालिकेतली आई साकारणाऱ्या फिलिशिया रशादचे आयुष्यभराचे काम त्याच आगीत टाकतात.

उरतो तो कला वेगळी ठेवण्याचा युक्तिवाद. त्याच्याशी नीट भिडले पाहिजे, कारण तो मांडणारी माणसे बहुधा सज्जन असतात. त्यांचे म्हणणे असे : कलाकृती एकदा पूर्ण झाली की ती निर्मात्याची राहत नाही. कॅराव्हाज्जोने १६०६ साली रोममध्ये एका माणसाला ठार मारले, म्हणून रोमच्या चर्चमधली त्याची चित्रे कुणी उतरवली नाहीत. मग कॉस्बीलाच वेगळा न्याय का?

वेगळा न्याय यासाठी की ती चित्रे कॅराव्हाज्जोवर विश्वास ठेवा असे सांगत नाहीत. त्यांतला प्रकाश आणि अंधार पाहताना चित्रकाराच्या चारित्र्याची हमी कुणी मागत नाही, त्याने ती दिलेलीही नाही. कॉस्बीची कला या जातीची नव्हती. तिचा कच्चा माल तो स्वतः होता. एकट्याने मंचावर बसून तो सांगे त्या गोष्टी त्याच्या भावाच्या, आईवडिलांच्या, मुलांच्या होत्या. मालिकेला त्याचेच आडनाव होते. पडद्यावरच्या डॉक्टरला चार मुली आणि एक मुलगा होता, कारण कॉस्बीला चार मुली आणि एक मुलगा होता. श्रेयनामावलीत त्याच्या नावापुढे शिक्षणशास्त्रातल्या डॉक्टरेटची पदवी झळके. १९८६मध्ये बाप होण्यावर त्याचे पुस्तक आले आणि ते प्रचंड खपले. जाहिरातीत तो लहान मुलांच्या घोळक्यात बसून पुडिंग खायला सांगे आणि आया ते विकत घेत. माणूस आणि भूमिका यांच्यामधली भिंत प्रेक्षकांनी पाडलेली नाही. ती कॉस्बीने स्वतः, वर्षानुवर्षे, विचारपूर्वक पाडली आणि त्यावर मोठा झाला. ज्याने आयुष्यभर ही भिंत नसल्याचा फायदा घेतला, त्याच्यासाठी संकटाच्या वेळी ती पुन्हा बांधून द्यायची हा कुठला न्याय?

आपल्याकडचा प्रेक्षक हा फरक पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आला आहे. तमाशातल्या सोंगाड्याच्या घरी काय चालते याची चौकशी कुणी करत नाही. तो हसवतो, आपण हसतो, देणेघेणे तिथे संपते. कीर्तनकाराचे तसे नाही. तो नारदाच्या गादीवर उभा राहतो तेव्हा त्याच्या गळ्याइतकेच त्याचे वागणेही श्रोत्यांच्या हिशेबात असते. गळा बेताचा असला तरी लोक मांडी घालून बसतात. आचरण उघडे पडले तर तेच निरूपण ऐकवत नाही. कॉस्बी सोंगाडी म्हणून आला आणि पुढे कीर्तनकाराच्या जागी जाऊन उभा राहिला. त्याला कुणी तिथे ढकलले नव्हते.

याचा धडधडीत पुरावा म्हणजे मे २००४मधले वॉशिंग्टनचे भाषण. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या निकालाला पन्नास वर्षे झाली, त्या समारंभात त्याने गरीब कृष्णवर्णीय आईबापांना फैलावर घेतले : मुलांना वळण लावत नाही, पोरे चोऱ्या करतात, मग पोलिसांच्या नावाने कशाला रडता. हे बोलण्याचा अधिकार त्याला विनोदाने दिलेला नव्हता. तो हक्स्टेबल डॉक्टरने दिला होता. आणि कॉन्स्टँड यांनी सांगितलेली घटना त्याच वर्षीच्या जानेवारीतली आहे. पुढे २०१५मध्ये जुनी जबानी खुली करताना न्यायाधीश एदुआर्दो रोब्रेनो यांनी हाच मुद्दा घेतला : जो जाहीरपणे नीतीचे धडे देतो त्याच्या खासगीपणाची मर्यादा आकसते. कला-कलावंताच्या वादात खर्ची पडलेल्या ढीगभर लेखांपेक्षा त्या न्यायाधीशाला हे प्रकरण अधिक कळले होते असे मला वाटते.

पण माझा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. कला वेगळी म्हणणारे असे गृहीत धरतात की गुन्हा एका खोलीत घडला आणि कला दुसऱ्या खोलीत. इथे तसे नव्हते. टेम्पल विद्यापीठाचा कॉस्बी सर्वांत नावाजलेला माजी विद्यार्थी होता, विश्वस्त होता. कॉन्स्टँड त्याच्याकडे वडीलधारा मार्गदर्शक म्हणून पाहत होत्या. तक्रार करणाऱ्यांपैकी अनेक जणी तरुण नटी, मॉडेल अशा होत्या आणि चार शब्द शिकायला मिळतील म्हणून त्याच्याकडे गेल्या होत्या. त्याने पुढे केलेली गोळी घेताना जो विश्वास वाटला तो लोकांच्या लाडक्या माणसाविषयीचा होता. नंतर त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, तोही त्याच लाडामुळे. २०१४मध्ये मार्क व्हिटेकर या मान्यवर पत्रकाराने त्याचे जाडजूड चरित्र लिहिले, त्यात या आरोपांचा उल्लेखही नाही. मालिकेने मिळवून दिलेला विश्वास गुन्ह्याचे साधनही झाला आणि गुन्ह्यावरचे पांघरूणही. तो विश्वास बाजूला ठेवून गुन्ह्याचा विचार करा असे म्हणणे म्हणजे गुन्हाच अर्धा करून दाखवणे.

म्हणून मला भेद करायचा आहे तो आवड आणि विश्वास यांत. रंजन करणाऱ्याला प्रेक्षक या दोन गोष्टी देतो आणि देताना त्यांची गल्लत करतो. आवड कामावर जडते, विश्वास माणसावर ठेवला जातो. १९८६ साली हक्स्टेबलांच्या घरातला प्रसंग पाहून कुणी पोट धरून हसले असेल, तर ते हसणे खरे होते आणि आजही हसणाऱ्याचेच आहे. ते कुणी मागत नाही, कुणी मागूही नये. त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचेही कारण नाही. विश्वासाची गोष्ट वेगळी. तो ज्या समजुतीवर ठेवला ती खोटी ठरली तर तो काढून घेणे हा ठेवणाऱ्याचा हक्क आहे, आणि माझ्या मते कर्तव्यही. कला वेगळी ठेवा म्हणणारा आवड वाचवायला निघतो आणि तिच्या आडून विश्वासही वाचवून देतो. त्याचा हेतू तसा नसेल, परिणाम तोच होतो.

हा भेद मानला की काय ठेवायचे आणि काय काढायचे हे बरेच सोपे होते. स्पेलमन या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या महाविद्यालयाला कॉस्बी दांपत्याने १९८८मध्ये दोन कोटी डॉलर दिले होते. २०१५मध्ये महाविद्यालयाने त्यांच्या नावाचे अध्यासन बंद केले आणि त्यासाठीचा उरलेला निधी परत केला. योग्य केले, कारण अध्यासनाला दिलेले नाव हा विश्वास असतो. केनेडी सेंटरने २०१८मध्ये आपला सन्मान आणि मार्क ट्वेन पुरस्कार मागे घेतला. तेही योग्य, जरी त्यासाठी ज्यूरीच्या निकालाची वाट पाहिली गेली. मालिकेचे पुनःप्रक्षेपण काही वाहिन्यांनी २०१४-१५मध्ये थांबवले, ते मात्र मला पटत नाही. ती मालिका रशादची, वॉर्नरची, लेखकांची, पूसां यांचीही आहे, आणि प्रक्षेपण थांबले की त्यापोटी कलाकारांना मिळणारे पैसेही थांबतात. मालिका उपलब्ध असावी; पाहणाऱ्याने सगळे ठाऊक असताना पाहावी. तिच्यातल्या बापाच्या मायेने आता मन पूर्वीसारखे निवत नसेल, तर तो पाहणाऱ्याचा दोष नाही आणि त्याच्या रसिकतेतली उणीवही नाही.

एक सन्मान अजून तसाच आहे. २००२मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी कॉस्बीला स्वातंत्र्यपदक दिले, अमेरिकेतला नागरिकांसाठीचा सर्वोच्च सन्मान. २०१५मध्ये ते परत घेण्याविषयी विचारले तेव्हा ओबामा म्हणाले की, तशी तरतूद नाही. ही उणीव केवळ अमेरिकेची म्हणता येत नाही. पुरस्कार, पदव्या, सभागृहांची नावे देण्याच्या रीती आपण सगळ्यांनीच बारकाईने घडवल्या, आणि दिलेला विश्वास परत कसा घ्यायचा याचा विचार फारसा केला नाही. म्हणून वेळ आली की आपण कलेच्या स्वायत्ततेचा आधार शोधतो.

कलेला या आधाराची गरज नाही. ती स्वतःच्या बळावर टिकते किंवा टिकत नाही. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या लाडक्या माणसाविषयी असे काही कानावर आले, तर कला आणि कलावंत वेगळे की एक हा वाद घालत बसू नका. या माणसाला आपण आवड दिली होती की विश्वास, एवढेच स्वतःला विचारा. विश्वास दिला असेल तर तो निःसंकोच परत घ्या, आणि ज्यांच्यावर तो ठेवायचा राहून गेला त्या स्त्रियांवर ठेवा.