चार विरुद्ध एक

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. राहत्या घराच्या दुरुस्तीबद्दल त्यांनी एक अक्षर लिहून ठेवलेले नाही. ज्यांनी ती काढली, ते म्हणी रचण्याच्या परिस्थितीत शिल्लक राहिले नसावेत.

आमचे घर चंद्रपूरच्या परकोटाच्या आतले. आजोबांनी बांधलेले. हातभर रुंदीच्या मातीच्या भिंती, सागवानाच्या मयाली आणि वर कवेलू. कवेलूंवर माकडांचा वंशपरंपरागत हक्क असल्यामुळे दर पावसाळ्यात घरातली सगळी भांडी जमिनीवर मांडावी लागत. तेव्हा स्लॅब टाकायचा, मोरी नीट करायची, फरशी बसवायची असे ठरले. दुसरे घर भाड्याने घेऊन राहावे, तर दोन्हीकडचा खर्च झेपेना. ‘‘इथंच राहून करू, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे,’’ असे चिरंजीव म्हणाले. मिस्त्री काहीच म्हणाला नाही. मिस्त्री लोक अशा वेळी काही म्हणत नाहीत.

तेव्हापासून आम्ही घरात राहतो म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाकलले जात असतो. देव सध्या फ्रिजवर आहेत. माझा चष्मा सिमेंटच्या पोत्यांच्या मागे असावा असा संशय आहे. मे महिन्यात सत्तेचाळीस डिग्रीच्या उन्हात निम्म्या घरावरचे छप्पर काढलेले. ज्यांना चंद्रपूरचा उन्हाळा ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांचा विश्वास बसायचा नाही.

व्हिएन्नात ओटो नॉइराथ नावाचे एक तत्त्वज्ञ होऊन गेले. ते म्हणत, की आपले सारे ज्ञान म्हणजे भर समुद्रातले जहाज आहे. गोदीत नेऊन, रिकामे करून ते दुरुस्त करण्याची सोय नाही. त्याच्यावरच उभे राहून एकेक फळी बदलायची. नॉइराथसाहेबांनी राहत्या घराची दुरुस्ती काढली होती की नाही, कोण जाणे; पण बोलले ते अगदी अनुभवी माणसासारखे. मला फक्त एक शंका आहे. एक फळी काढताना उभे राहायला दुसरी हवी हे खरे; पण जी काढायची, तिच्यावर आधीच कोणी उभे असेल तर?

आमच्याकडे ती फळी म्हणजे माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत. चिरंजिवांच्या नकाशात ती नाही. ती पडली की मोठा हॉल होतो, उजेड येतो, पाहुणे आले की त्यांना स्वयंपाकघरातला पसाराही दिसतो. बैठक बसली. भिंत पाडावी या बाजूने चिरंजीव, सूनबाई, सौ. आणि चौथीतली नात. नातीला हॉलमध्ये सायकल चालवायची आहे. अध्यक्षाने मत देऊ नये असा संकेत असल्यामुळे मी चहा पीत होतो. विरुद्ध एक मत, आईचे.

आई चौऱ्यांशी वर्षांची. काचबिंदूने दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, ‘‘मंग रात्री मी हात कुठं लावू?’’

खाटेपासून मोरीपर्यंत चौदा पावले. डावा तळवा भिंतीवर ठेवून ती रात्रीतून दोनदा जाते, कोणाला उठवत नाही. भिंतीवर कमरेच्या वर एक तेलकट पट्टा उमटला आहे. दरवर्षी चुना मारताना आम्ही तो झाकतो, दिवाळीपर्यंत तो पुन्हा वर येतो.

ठराव चार विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. लोकशाही म्हणतात ती हीच. पण मला त्या रात्री झोप आली नाही (डासही होते, कारण खिडक्या काढलेल्या). चौघांना त्या भिंतीची अडचण होते; एकीला ती पुरते. अडचण आणि गरज यांची एकाच तराजूत मोजदाद करून डोकी मोजायची, याला न्याय म्हणावे का? ग्रामपंचायतीत हात वर करून ठरवावे. तिथे आज हरलेला उद्या जिंकतो. आईच्या आयुष्यात अशा बैठका आता किती व्हायच्या?

आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) नावाचे गोंडांचे गाव आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 साली अठराशे हेक्टरांच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, म्हणून ते गाजले. देवाजी तोफांचे नाव आपण पेपरात वाचतो. पण मला त्या गावाचे जास्त कौतुक वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. तिथली ग्रामसभा मते मोजत नाही. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बोलत बसायचे, असा रिवाज. नाही झाले, तर पुन्हा बसायचे.

हे मी जेवताना सांगितले. चिरंजीव इंजिनिअर असल्यामुळे त्यांनी लगेच तडा दाखवला. ‘‘बाबा, मग एकानं ‘नाही’ म्हटलं की सगळं ठप्प. म्हणजे जे आहे तेच ज्याच्या सोयीचं, त्याचंच राज्य. उद्या आजीनं कवेलूही हवेत म्हटलं तर?’’

मुद्दा खोटा नव्हता. नकाराधिकार म्हणजे काय ते चंद्रपूरकरांना शिकवायला नको. खांडक्या बल्लाळशहाने या गावाभोवती परकोट घालायला घेतला आणि तो पुरा व्हायला पुढच्या पिढ्या लागल्या (आमचा मिस्त्री याच परंपरेतला). चार वेशी, पाच खिडक्या. आज सगळे गाव जटपुरा गेटातून जाते, म्हणजे जाऊ पाहते. स्कूटर, ऑटो, बस आणि एखादी म्हैस एकाच कमानीत शिरतात. पण वास्तू पुरातत्त्व खात्याची, तिला हात लावायचा नाही. मला ते मान्यच आहे. 2017 साली इको-प्रोची मंडळी त्या तटावरची झाडेझुडपे काढायला लागली, तेव्हा बरे वाटले होते. तरी मनात येते, चारशे-पाचशे वर्षांपूर्वी गेलेल्या राजांच्या भिंतीला एवढा मान, आणि जिचा तळवा रोज भिंतीला लागतो तिला एक मत!

पण चिरंजिवांना उत्तर द्यायला हवे होते. मला वाटते, मेंढ्याच्या रिवाजातला जीव ‘नाही’ म्हणण्याच्या हक्कात नाही, बोलत बसण्यात आहे. मते मोजली की ‘का नाही’ हे विचारायचे कारणच उरत नाही. आईने सांगितले होते भिंतीबद्दल नव्हे, हाताबद्दल. आमच्यापैकी कोणी तिला विचारले नव्हते, की हात लागतो कुठे.

विचारले मिस्त्रीने, आणि तेही स्वतःच्या सोयीसाठी. गिट्टीच्या ढिगावर म्हातारी पडली तर काम बंद पडेल, म्हणून त्याने खाटेपासून मोरीपर्यंत सुतळीचा दोर बांधला. ‘‘आजी, हे धरून जाजा जी. किती उंचावर बांधू?’’ आईने हात पुढे करून दाखवले. तो तेलकट पट्टा होता, बरोबर तिथेच.

दोन दिवस ती दोर धरून गेली. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, ‘‘दोर हालते बाबा. भीत पाहिजे. पण वरची घेऊन जा तुमी. तशीबी मले दिसत नाही.’’

चिरंजीव पाच मिनिटे गप्प होते. मग पेन्सिल काढून त्यांनी नकाशात कमरेच्या थोडी वर येईल एवढी भिंत दाखवली. वरची मयाल पेलायला लोखंडी गर्डर, म्हणजे खर्च वाढला. हॉल झाला, पण सायकल वळत नाही, म्हणून नात रुसली आहे. सौ.ना त्या बुटक्या भिंतीवर कुंड्या ठेवायच्या होत्या. आई म्हणाली, कुंड्यांना हात लागेल. कुंड्या गेल्या.

आता फरशीचा प्रश्न आला आहे. सूनबाईंना चकचकीत पांढरी हवी. कोळशाच्या या गावात पांढरी फरशी दुपारपर्यंतच पांढरी राहते, असे सौ.चे मत. आईला रंग दिसत नाही, म्हणून तिला कोणी विचारले नव्हते. तिने मिस्त्रीकडून नमुन्याचे दोन तुकडे मागवले, खाटेखाली ठेवले आणि काल ओल्या पायांनी दोन्हींवर उभी राहून पाहिली. आज रात्री पुन्हा बैठक आहे. चहा सूनबाई करणार आहेत. कशावर करणार ते माहीत नाही, कारण ओटा सकाळीच फोडला.