मैलांचे पुण्य

शिरपूरकराला प्रवासाचे शास्त्र शिकवू नये. आमच्या गावाला रेल्वे नाही. धावपट्टी आहे, पण तिच्यावर विद्यार्थी विमान चालवायला शिकतात. तिकीट काढून तिथे कोणी बसत नाही. तेव्हा आमची सगळी भिस्त मुंबई-आग्रा रस्त्यावर आणि एस.टी.वर. खिडकीतून आत टाकलेला रुमाल हाच आमचा दर्जा! ज्याचा रुमाल आधी पडला, तो त्या दिवसापुरता राजा.

म्हणून अमेरिकेहून आलेला भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, या खेपेला मी गोल्ड झालो," तेव्हा मला वाटले, पोरगा नोकरी सोडून सराफीत शिरला.

मग त्याने माझी शिकवणी घेतली. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने आपली मैल जमवण्याची योजना काढली. उडाल तितके मैल खात्यात जमा. पुरेसे साठले की फुकट तिकीट. लवकर साठवायचे तर वाटेल त्या विमानात बसायचे नाही. एकच कंपनी धरायची, फार तर तिच्या गोतावळ्यातली. किराणा, विजेचे बिल, सगळे तिच्याच कार्डावर. आणि वर्ष संपत आले, दर्जाला दोन-चार उड्डाणे कमी पडत असली, तर काम नसतानाही उडून यायचे! १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनिअरने तर मैल मिळतात म्हणून पुडिंगचे बारा हजारांवर डबे विकत घेतले आणि साडेबारा लाख मैल कमावले. पुडिंग बरेचसे दान केले.

"म्हणजे वर दानाचंही पुण्य," मी म्हणालो.

बोललो हसण्यावारी, पण शब्द मनात अडकला. हे तर पुण्याचेच खाते झाले! आपण तरी काय वेगळे करतो? सोळा सोमवार, लाखाचा जप, बारा वाऱ्या, सगळे मोजूनमापून. पुढे २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांनी मैल अंतरावर द्यायचे सोडून तिकिटाच्या पैशांवर द्यायला सुरुवात केली. म्हणजे पायी येणारा रांगेत, आणि पावती फाडणारा थेट गाभाऱ्यात! हा शोध आपल्या देवळांनी केव्हाच लावला होता.

आता मूळ गोष्ट सांगतो. भाचा आला होता आजीला भेटायला. माझी माय चौऱ्याऐंशीची. भाच्याची रजा मोजून सात दिवसांची. सरळ येता तर सोमवारी पोचता. पण दोन जादा उड्डाणे पदरात पाडून घेण्यासाठी भलत्याच गावांवरून फिरत फिरत तो बुधवारी उगवला. सोमवारी मायने त्याच्यासाठी केलेले वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी आम्ही खाल्ली. मंगळवारी तिने पुन्हा केले. तेही आम्हीच खाल्ले. दोन्ही संध्याकाळी माय ओट्यावर बसून होती.

"कव्हय उना रे भाऊ?" तिने विचारले, आणि मग त्याला नीट कळावे म्हणून शुद्ध मराठीत म्हणाली, "दोन दिवस कमी आलास."

पाय चालत होते तोवर माय दर चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जायची. भाच्याने विषय बदलावा म्हणून विचारले, "आजी, गडावर किती वेळा गेलीस गं?"

"कोण मोजतं?" ती म्हणाली. यावर माझा विश्वास नाही. तिला आकडा तोंडपाठ असणार. माणूस आहे, मोजणारच. पाप मोजण्यात नाही. काय मोजायचे ते चुकण्यात आहे. भाच्याने मैल मोजले, मायने दिवस मोजले. दोघांचा हिशेब बरोबर होता, पण तोटा एकाच खात्यात पडला.

"आजी, माझ्या मैलांवर तुला फुकट अमेरिकेला नेतो," तो शेवटी म्हणाला.

"मला कशाला? त्या मैलांवर तूच ये. फक्त सरळ ये."

रविवारी त्याला सोडायला स्टँडवर गेलो. मुंबईची गाडी लागली, गर्दी उसळली आणि मी खिडकीतून रुमाल टाकला. ऐटीत खिडकीपाशी बसत भाचा म्हणाला, "मामा, तुमचा दर्जा माझ्याहून वरचा!"

"फायदाही वरचा आहे," मी म्हणालो. "ही गाडी पाटीवर लिहिलेल्या गावालाच जाते."