परिवर्तन आणि प्रतीक्षा

श्रद्धा माणसाला स्थैर्य देते, असे आपण सामान्यतः मानतो. परंतु तिचे आणखी एक कार्य आहे. ती माणसाला जागचे हलविते. नव्या करारातील ज्या शब्दाचा मराठी बायबलात ‘पश्चात्ताप’ असा अनुवाद रूढ झाला, त्या ‘मेटानोइया’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे असा आहे. मराठी शब्दाची दृष्टी घडून गेलेल्या चुकीकडे वळते, तर ग्रीक शब्दात पुढच्या वाटचालीची सूचना आहे. ख्रिस्ती जीवनात बदल हा असा आरंभापासूनच अपेक्षित आहे. प्रश्न उरतो तो हा, की एकाच्या मनातील पालटाचे मोल त्याच्या घराने आणि मंडळीने का द्यावे?

या प्रश्नाचा विचार करताना आमच्यापुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा संसार उभा राहतो. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाला पत्नीची संमती नव्हती. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या आणि पुढील काही वर्षे पतिपत्नी विभक्तच होती. टिळकांच्या प्रामाणिकपणाविषयी कोणी शंका घेणार नाही. मनाला पटलेले सत्य दडपून त्यांनी संसार केला असता, तर तीही एक फसवणूकच ठरली असती. तरीही ज्या दुःखाची निवड लक्ष्मीबाईंनी केली नव्हती, ते त्यांना भोगावे लागले. पतीची श्रद्धा खरी होती, एवढ्याने हे ऋण फिटत नाही, असे आम्हांस वाटते.

ते फेडण्याचा काही मार्ग असेल, तर तो पुढील काळात दिसतो. लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. आपले सोवळे-ओवळे सांभाळीतच त्या त्या घरात राहिल्या. एका छपराखाली दोन धर्म नांदले. यथावकाश जातिभेद माणसांनीच निर्माण केला आहे, हे त्यांच्या मनाला स्वतःहून उमगले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते, की ही बाई कोणाच्या धाकाने बदलणारी नव्हती. पतीच्या मागे फरफटत न जाता त्या आपल्या पावलांनी तेथवर पोचल्या. म्हणूनच टिळकांच्या निधनानंतर अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचा अधिकार त्यांना लाभला.

घरात पुढे धावलेले टिळक मंडळीत मात्र वेगळ्याच पेचात सापडले. भाषांतरित गीते आणि परक्या चाली यांच्या जागी त्यांना अभंग, भजन आणि कीर्तन हवे होते. जुने सारे मागे टाकून आलेल्यांना टाळ-चिपळ्यांचा नाद मागे ओढणारा वाटणे स्वाभाविक होते. एकाला जे परिवर्तन वाटते, तेच दुसऱ्याला परागती वाटते. वास्तविक ही वाट नवी नव्हती. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीच छापले गेले होते. १९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंना सामावून घेणारा ‘देवाचा दरबार’ आरंभिला. १९१९ साली ते गेले. दरबार फार वाढला नाही, पण त्यांची गीते आजही मराठी मंडळ्यांच्या उपासनेत गाइली जातात. ज्या बदलाला त्यांच्या हयातीत वेळ अपुरा पडला, तो पिढ्यांनी सावकाश आपलासा केला.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात असाच एक वाद आला आहे. यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती होण्यासाठी सुंता करून घ्यावी काय, यावर यरुशलेमेत पुष्कळ वादविवाद झाला. जुन्यांनी ती अट सोडली आणि नव्यांनी त्यांच्या भावनांसाठी खाण्यापिण्याचे काही निर्बंध पत्करले. दोन्ही पक्षांना थोडे थोडे हलावे लागले.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांना, ती हिंदू असोत वा ख्रिस्ती, हा पेच परका नाही. सून दुसऱ्या भाषेची येते, नातवंडे प्रार्थना इंग्रजीत म्हणतात, मुलगा वेगळ्याच उपासनेत रमतो. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी थोपवून धरावे की तरुणांनी झुगारून द्यावे, एवढेच दोन पर्याय आपल्याला सुचतात. टिळकांच्या घराने तिसरा पर्याय जगून दाखविला. ज्याला प्रकाश आधी दिसला, त्याने तो लपवू नये, पण घरातल्या माणसाला तो दिसेपर्यंत त्याचे वेगळे ताट आणि वेगळा देव्हारा सन्मानाने राहू द्यावा. वाट पाहण्याची ही तयारी आपल्यात नसेल, तर आपण ज्याला श्रद्धा म्हणतो तो कदाचित केवळ आपला हट्ट असेल, ही शंका प्रत्येकाने स्वतःपुरती तपासून पाहावी.